गच्चीवरचं ऊन

बाळकुमला आमच्या घरापुढं जी मोकळी जागा होती तिला सगळे जानकीचं खळं म्हणायचे. जानकी म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. कागदावर ती जमीन आजोबांची आणि त्यांच्या पश्चात बाबांची नि आत्याची, पण खळं तिचंच, कारण पहाटे ते झाडायची ती, शेणानं सारवायची ती आणि जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, पसरायचीही तीच. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत खाडीत बुडाला. मूलबाळ नव्हतं. कोपरच्या सासरहून ती माहेरी आली आणि आल्या दिवसापासून भावाच्या घरात फुकट जेवायचं नाही असं तिनं ठरवलं. होडीवाल्यांकडून ओला जवळा घ्यायचा, खळ्यावर वाळवायचा आणि सुकट करून ठाण्याच्या बाजारात विकायची, हा तिचा धंदा. आमच्या शाळेच्या वह्या त्यातूनच आल्या, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

माझ्या लहानपणीचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मला त्या खळ्यावरचा खराट्याचा आवाज आठवतो. ओला जवळा पसरताना तो चरचर असा यायचा आणि दुपारनंतर, माल सुकत आला की, खुळखुळ असा. आत्या डोळे मिटूनसुद्धा सांगायची, "अजून एक ऊन लागंल." काठीला काळं फडकं बांधून ती कावळ्यांना हाकलायची आणि कावळ्यांशी भांडायचीही. खळ्याला कुंपण नव्हतं. एका बाजूला माडाचं झाड होतं, त्याच्या पलीकडं दुसऱ्याची जागा, पण नक्की कुठून पलीकडं हे कुणी कधी विचारलं नाही. आळीतल्या बायका विहिरीवर जायला खळ्याच्या कडेनं जायच्या, जाता जाता दोन घटका टेकायच्या. पुरुष तिथं जाळी दुरुस्त करायचे. कुणाच्या घरी लग्न निघालं की आत्या चार दिवस जवळा घ्यायची थांबायची आणि हळदीचा मांडव तिथंच पडायचा. शेजारच्यांच्या गोधड्या, पापड, भिजलेली पुस्तकं, सगळं त्या खळ्यावर वाळायचं. आम्ही पोरं लगोरी खेळायचो ती उरलेल्या जागेत, आणि चेंडू जवळ्यात गेला तर आत्याच्या शिव्या खायचो.

दुपारी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायची. कांदा भरपूर घालून, कोकमाची आंबट चव आणलेली सुकट तव्यावरून थेट ताटात यायची. भाकरीचा पापुद्रा उचलून त्यात ती भरायची आणि वाफ येत असतानाच खायची. आज मी काय काय खाल्लंय, पण त्या घासाची सर कशालाच नाही. तरीही नववीत असताना, ठाण्याच्या शाळेत, मी डबा उघडायचं बंद केलं. माझ्या बाकावरची मुलगी एक दिवस काही न बोलता उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली होती. भांडण नाही, टोमणा नाही. नुसती उठून गेली. त्या दिवशी घरी आल्यावर मला पहिल्यांदा आमच्या घराला वास आहे हे कळलं. तोवर तो मला कधी आलाच नव्हता. मी आईला सांगितलं, डब्यात चटणी-भाकरीच देत जा. आईनं विचारलं नाही का ते. मी 'नाय' म्हणायचं सोडून 'नाही' म्हणायला लागले तेही त्याच वर्षी.

त्याच सुमारास आमच्याकडं पांढरे बूट घातलेली माणसं येऊ लागली. ठाणं आमच्या दिशेनं वाढत होतं. जिथं मिठागरं नि भाताची शेतं होती तिथं मातीचे ढीग दिसू लागले. बाबा ज्या कारखान्यात होते त्याचं फाटक बंद पडलं होतं आणि ते रोज उठून डबा न घेता फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. एक दिवस ते ओट्यावर बसले असताना एक माणूस आला. खळ्याकडं हात करून त्यानं विचारलं, "ही जागा रिकामीच आहे ना?" त्या वेळी खळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी जवळा पसरलेला होता आणि मध्ये आत्या पाठमोरी वाकून तो उलटत होती. बाबांनी तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "हो, रिकामीच आहे."

त्यानंतर गाव बघता बघता बदललं. जमिनीला भाव आलाय म्हटल्यावर तिला कडा आल्या. माडापलीकडच्या शेजाऱ्यानं एका सकाळी खुंट्या ठोकल्या. माड त्याच्याकडं गेला. बाबांनी मग इकडून तार ओढली. बायकांना विहिरीवर जायला लांबचा वळसा पडू लागला, आणि त्या आमच्या दारात टेकेनाशा झाल्या. माझ्या आईसारखी मऊ बाई, पण तिनंही एका शेजारणीला सांगितलं, "गोधड्या तुमच्याकडंच घाला गो आता. उद्या कुणी म्हणंल, हितं आमची वहिवाट हाय." ती शेजारीण ओल्या गोधड्या खांद्यावर टाकून गेली. तिची मुलगी माझ्याबरोबर लगोरी खेळायची.

विकायचं ठरलं तेव्हा आत्याची सही लागणार होती. बाबा दोन दिवस तिच्याभोवती घुटमळत राहिले. शेवटी एका संध्याकाळी ती जवळा गोळा करत असताना तिच्याजवळ उकिडवे बसले. मी ओट्यावर होते.

"बाय, बिल्डर आपल्याला दोन घरं देतो वर. पक्की. पावसात गळणार नाय."

"आणि माझं खळं?"

"खळं जाईल. पण गच्ची हाय ना! अख्खी गच्ची. खळ्यावर दुपारनंतर सावली येते, वर दिवसभर ऊन. तू वर वाळव. मी सांगतो ना, तुला कोण अडवणार? जागा आपली हाय."

आत्यानं टोपलीतला जवळा हातानं सारखा केला. "रामा, तुझी पोरं मोठी व्हायला लागलीत. मना कळतंय," ती म्हणाली. "सही कुठं करायची ते दाखव." तिनं हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. तिला सही करता येत होती याचा तिला अभिमान होता. तिनं ती सावकाश, पूर्ण नाव काढून केली.

खळ्यावर चार मजली इमारत उभी राहिली. बिल्डरनं तिचं नाव ठेवलं 'पुष्पगंध'. का, ते त्यालाच माहीत. भोवती भिंत, भिंतीला फाटक, आणि जी काही मोकळी जमीन उरली तिच्यावर फरशी घालून स्कूटरसाठी पट्टे आखलेले. आम्ही नि आत्या तिसऱ्या मजल्यावर, शेजारशेजारच्या दोन घरांत. मला माझी स्वतःची खिडकी मिळाली, टेबल मिळालं. मी फार सुखी होते. ते लपवण्यात अर्थ नाही. आम्हाला नळ होता, संडास घरात होता, आणि कुणी पत्ता विचारला की मी 'पुष्पगंध, तिसरा मजला' असं म्हणायचे तेव्हा माझी मान आपोआप ताठ व्हायची.

आत्या रोज ओल्या जवळ्याची टोपली डोक्यावर घेऊन जिने चढायची. लिफ्ट नव्हती. सुरुवातीला ती खूश होती. "रामा खोटं नाय बोलला, ऊन लय कडक हाय," असं आईला सांगायची. गच्चीवर शेण चालणार नाही म्हणून तिनं जुनी जाळी अंथरली आणि त्यावर माल पसरला. इमारत तेव्हा अर्धी रिकामी होती, त्यामुळं कुणाला काही वाटत नव्हतं. मग हळूहळू घरं भरली. नोकरदार, शिकलेली, सुटसुटीत कुटुंबं. आमच्या वरच्या मजल्यावर, अगदी गच्चीच्या खाली, शुभदाचं कुटुंब आलं. शुभदा माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात निघाली. तिचे वडील बँकेत मोठ्या जागेवर होते आणि सोसायटी झाल्यावर तेच चेअरमन झाले. ती माणसं वाईट नव्हती. शुभदाची आई मला साबुदाण्याची खिचडी करून घालायची, अभ्यासाला बसलो की पंख्याचा वेग विचारून कमी-जास्त करायची. त्यांच्या घरात उदबत्तीचा आणि कढवलेल्या तुपाचा वास असायचा. मी जिना चढून तिकडं जायचे. शुभदाला मी दुपारी कधी आमच्याकडं बोलावलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. आमची मैत्री त्या न विचारण्यावरच टिकून होती, असं आता वाटतं.

तक्रार झाली ती अशी की वाऱ्यानं जवळा उडून दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांत गेला, त्यात कुणाच्या तरी बारशाची साडी होती. शिवाय टाकीच्या झाकणावर कावळे बसतात, असंही कुणी म्हणालं. शुभदाचे वडील आधी घरी येऊन नम्रपणे बोलले. बाबांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "साहेब, ही जमीन आमची होती."

"होती, मान्य आहे," ते म्हणाले. "पण आता ती सगळ्यांची आहे. प्रत्येकानं तिचे पैसे मोजलेत. गच्ची सामाईक असते हो."

"आमचं खळंपण सामाईक होतं. कोण आलं तरी आम्ही नाय म्हटलं नाही."

ते कपबशी खाली ठेवून नमस्कार करून गेले. बाबा म्हणाले ते खरं होतं. पण तारही त्यांनीच ओढली होती, आणि ते त्यांना आठवलं असावं, कारण शुभदाचे वडील गेल्यावर बाबा त्या कपबशीकडं बघत बसले.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर बैठक झाली. सतरंज्या आणि काही खुर्च्या. आत्यानं आपलं जाळं गुंडाळून टाकीच्या कडेला ठेवलं होतं आणि ती जिन्याच्या दाराशी उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. ती बैठकीला आली नव्हती, आपल्या मालापाशी आली होती. माझ्या शेजारी शुभदा बसली होती. लोक सभ्यपणे बोलत होते. आजींना दम्याचा त्रास आहे, पाहुणे येतात, मुलांना खेळायला जागा नाही. कुणीही आमच्या जातीबद्दल किंवा धंद्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळे 'वास' एवढाच शब्द वापरत होते. बाबांचा आवाज मात्र चढत गेला. कारखान्याचं फाटक बंद झाल्यापासून ते असे कधी बोलले नव्हते, आणि मला त्यांची लाज वाटत होती.

"वास वास काय लावलंय?" ते म्हणाले. "आम्ही त्याच घरात राहतो. आमच्या घरी कॉलेजात जाणारी पोर हाय. तिला कधी त्रास झाला नाय." आणि माझ्याकडं वळून, अगदी खात्रीनं, त्यांनी विचारलं, "सांग गो हेमा, सांग यांना. येतो का तुला वास?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शुभदानं बघितलं नाही. ती सतरंजीचा दोरा ओढत होती. मला तिचे खाली वळलेले डोळे दिसत होते आणि दाराशी आत्या दिसत होती. 'नाही' म्हणायला दोन अक्षरं पुरेशी होती. मला वाटतं, मी ती उच्चारणारही होते. पण शुभदाला कळलं असतं मी खोटं बोलतेय, आणि ते मला सोसलं नसतं.

"येतो," मी म्हणाले.

शुभदाच्या वडिलांनाही ते अवघड झालं असावं. ते घाईघाईनं म्हणाले की मुलीला मध्ये घ्यायला नको होतं. बाबा खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात ओळखीच्या माणसानं ओळख न दाखवल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते. मी दाराकडं पाहिलं तर आत्या तिथं नव्हती. जाळंही नव्हतं.

तिनं मला एका शब्दानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीच्या जाळीवर सूप टेकवून थोडासा माल वाळवून पाहिला, मूठभर झाला. मग ती म्हणाली, कोपरला तिच्या जावेकडं खाडीकाठी अजून जागा मोकळी आहे, काही दिवस तिकडं जाते. आईनं तिला थांबवलं, रडली. बाबा खिडकीतून खाली आखलेल्या पट्ट्यांकडं बघत राहिले. नवरा बुडाल्यावर जे सासर सोडून ती माहेरी आली होती, तिथंच ती परत गेली, एक टोपली, एक पिशवी आणि ते जाळं घेऊन.

महिने गेले, ती आली नाही. बाबांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिला आणायला कोपरला गेलो. जावेचं घर रुळांच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला होतं. पुढं बेताचा तुकडा, पण सारवलेला. आत्या उन्हात उभी राहून खराटा फिरवत होती. आधीपेक्षा काळवंडली होती, वाळली होती. आम्हाला बघून तिला खरंच आनंद झाला. बाबा म्हणाले, "बाय, चल घरी. तुला काय कमी पडू देणार नाय. बसून खा."

"बसून खाऊ?" ती हसली. "आणि दिवसभर काय करू रे? भिंती बघू?"

"मी बोलतो त्या लोकांशी परत."

"नको. त्यांचं काय चुकलं? येवढे पैसे भरून कोण वास घ्यायला येतो?" मग खराटा पुन्हा फिरवत ती म्हणाली, "तू जा. मना हितं ऊन हाय."

बाबा जावेशी बोलायला आत गेले तेव्हा मी आत्याजवळ गेले. मी इतके महिने काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही बाहेर आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "आत्या, मी त्या दिवशी..."

"खोटं थोडीच बोललीस?" ती म्हणाली. तिनं जवळ्याची एक मूठ घेऊन उन्हात धरली, नीट वाळलाय का बघितलं. "वास येतोच गो. मना तेवढा कळत नाय, नाकाला सवय. तू शिकलेली, तुला येणारच." तिच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर मी आज कदाचित हे प्रकरण लिहिलंही नसतं.

ती परत आली नाही. पुढं काही वर्षांनी त्या खाडीकाठीही भराव पडला, जावेची जागा गेली, आणि आत्या बाजारात दुसऱ्यांची सुकट विकत घेऊन बसायला लागली. कोपरलाच एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि आम्ही पोचेपर्यंत ती गेली. बाबा नंतर बरीच वर्षं जगले. जमिनीचा विषय निघाला की ते उठून आत जायचे. शुभदा लग्न होऊन पुण्याला गेली, तिची पत्रं येत, मी उत्तरं लिहीत असे, त्या बैठकीबद्दल आम्ही एकमेकींना कधीच काही लिहिलं नाही. मी आता राहते तिथं गाड्या खाली तळघरात आणि तळघराच्या छतावर बाग आहे. बागेकडं खिडकी असलेल्या घरांना जास्त भाव. मुलांनी कधी खेळायचं, म्हाताऱ्यांनी कुठल्या बाकावर बसायचं, सगळं ठरलेलं, आणि कुणी चुकलं की शिट्टी वाजते. मागच्या वर्षी एका बाईंनी त्या बागेच्या कडेला चादर टाकून पापड वाळत घातले, त्यावर बैठक भरली. या वयात तरी मी उठून काही बोलेन असं मला वाटलं होतं. मी बोलले नाही. गुडघे दुखतात हे कारण मी स्वतःलाच दिलं आणि बसून राहिले.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशी कोपरहून निघतानाचं. बाबा पुढं चालू लागले होते. आत्यानं मला हाक मारली, "थांब, तुझ्या आईला सुकट देते." तिनं चांगला निवडलेला, कोरडा खळखळीत जवळा वर्तमानपत्रात बांधला. मग ती पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि गाठ मारली. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. घरात जाऊन आणखी एक आणली, तिसरी, आणि तिलाही सुतळीनं आवळून गाठ मारली. मग ते गाठोडं नाकाशी धरून तिनं, बाजारात गिऱ्हाईक घेतं तसा, मोठा श्वास घेतला. दोनदा घेतला. आणि समाधानानं माझ्या हातात ठेवून म्हणाली, "घे. आता गाडीत तुझ्या बाजूला कोण बसलं तरी नाय येणार."

वाटेत मीही ते नाकाशी धरून पाहिलं. काहीच येत नव्हतं.